दुकानाच्या वेबसाइटची कुलुपे तपासा: स्कॅनर कसा लावावा?

आपल्या भागातील बरेच व्यापारी व कारागीर आता वेबसाइटवरून माल दाखवतात आणि ऑर्डर घेतात. नांदेडच्या वजिराबादेत बसलेल्या ठोक व्यापाऱ्याला लातूरच्या गंजगोलाईतून किंवा उदगीरहून रात्री अकरा वाजताही ऑर्डर येते. सोय मोठी आहे. पण शटर ओढल्यावर कुलूप दोनदा हलवून पाहणारे आपण लोक वेबसाइटचे कुलूप एकदाही हलवून पाहत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून १४ कोटींहून अधिक रक्कम ऑनलाइन चोरांनी वळवली. ते प्रकरण बँकेचे होते, दुकानाच्या वेबसाइटचे नव्हे. पण असले चोर मुंबई-पुण्यातच हात मारतात, हा समज तेव्हा संपला. वेबसाइटचे उदाहरण हवे तर ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीचे घ्या. २०१५ साली तिच्या जुन्या वेबपानांतील एका उणिवेतून सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि पुढच्या वर्षी कंपनीला ४ लाख पौंड दंड झाला. उणीव साधी होती. माहिती भरण्याच्या जागी चोराने थेट डेटाबेसला हुकूम लिहिला आणि डेटाबेसने तो मानला. याला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात.

अशा उणिवा शोधणाऱ्या प्रोग्रामला स्कॅनर म्हणतात. कागदाची प्रत काढणारे यंत्र ते हे नव्हे. हा प्रोग्राम वेबसाइटचे एकेक पान उघडतो, प्रत्येक रकान्यात चोर भरेल तसला मजकूर भरतो आणि वेबसाइट काय उत्तर देते ते टिपून घेतो. यातला ‘झॅप’ हा स्कॅनर २०१० पासून मोफत मिळतो. साध्या संगणकावर चालतो. फक्त जावा १७ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते.

आता आमची चूक सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. माझ्या भाच्याने झॅप उतरवून घेतला, आमच्या वेबसाइटचा पत्ता टाकला आणि ‘अटॅक’चे बटण दाबले. भर दुपारी, चालू वेबसाइटवर. तासाभरात शेकडो खोट्या ऑर्डरी नोंदल्या गेल्या आणि चौकशीच्या फॉर्ममधून माझ्याकडे ई-मेलचा पाऊस पडला. खऱ्या ऑर्डरी निवडून काढण्यात दोन दिवस गेले. दोष स्कॅनरचा नव्हता. आम्ही त्याला हद्दच सांगितली नव्हती. म्हणून क्रम असा ठेवा:

१. इजाजत. फक्त स्वतःची वेबसाइट तपासा. होस्टिंग कंपनीलाही आधी विचारा. दुसऱ्याच्या वेबसाइटवर परवानगीशिवाय असे प्रयोग करणे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ व ६६ खाली गुन्हा ठरू शकतो. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

२. नक्कल. वेबसाइट बनवणाऱ्याकडून तिची हुबेहूब नक्कल वेगळ्या पत्त्यावर मागून घ्या आणि तपासणी तिच्यावर करा. नकलेत गिऱ्हाइकांची खरी माहिती ठेवू नका. ई-मेल व पैसे भरण्याची जोडणी बंद करा. मूळ वेबसाइटचा बॅकअप घ्या.

३. हद्द. झॅपमध्ये ‘कॉन्टेक्स्ट’ तयार करून त्यात आपलाच पत्ता घाला आणि वर ‘प्रोटेक्टेड मोड’ निवडा. मग स्कॅनर हद्दीबाहेर हल्ला करत नाही.

४. लॉगइन. हे न सांगितल्यास स्कॅनर फक्त दर्शनी पाने पाहतो, आणि खरा हिसाब तर आत असतो. एक नमुना खाते उघडून त्याचे नाव व पासवर्ड कॉन्टेक्स्टमध्ये द्या. ‘लॉगआउट’चा दुवा वगळा. नाहीतर स्कॅनर स्वतःच बाहेर पडतो आणि पुढची तपासणी पोकळ होते.

५. तपासणी. आधी ‘स्पायडर’ने सगळी पाने गोळा करा. सोबत होणारी ‘पॅसिव्ह’ तपासणी फक्त पाहते, छेडछाड करत नाही. त्यानंतर वेग कमी ठेवून ‘अॅक्टिव्ह’ तपासणी चालवा.

६. निकाल. लाल झेंडा म्हणजे मोठा धोका, नारिंगी मध्यम, पिवळा कमी, निळा केवळ माहिती. आधी लाल पाहा. प्रत्येक झेंडा खरा असतोच असे नाही. वेबसाइट बनवणाऱ्यासोबत बसून एकेक खात्री करा, दुरुस्ती झाल्यावर पुन्हा तपासा.

या पद्धतीने आमच्या ‘माल शोधा’च्या रकान्यात टॉकटॉकसारखीच उणीव निघाली. दुरुस्तीला एक दिवस लागला. पण दुसरी उणीव स्कॅनरला दिसली नाही. लॉगइन केलेल्या गिऱ्हाइकाने पत्त्यातील बिलाचा नंबर बदलला, तर दुसऱ्या व्यापाऱ्याचे बिल उघडत होते: त्याचे दर, त्याची उधारी, फोन नंबर, सगळे. पान व्यवस्थित उघडले म्हणून स्कॅनर गप्प बसला. ते बिल कोणाचे, हे त्याला कसे कळणार? ही उणीव मीच दोन नमुना खात्यांतून अदलाबदल करून पाहताना सापडली. म्हणून स्कॅनरनंतर एक संध्याकाळ स्वतः बसा. दुसऱ्याचे बिल उघडते का, भाव बदलता येतो का, नगाच्या जागी उणे आकडा चालतो का, हे हाताने पाहा.

व्यापारी बांधवांना दोन सूचना. नवी वेबसाइट बनवून घेताना स्कॅनचा अहवाल आणि दुरुस्तीची कबुली करारातच लिहून घ्या व अहवाल पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. वेबसाइटमध्ये मोठा बदल झाला की पुन्हा तपासा. आणि पैशांची फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

गिऱ्हाईक आपला फोन नंबर आणि उधारीचा आकडा आपल्या हवाली करतो, तो विश्वासावर. उधारीची वही आपण गल्ल्यावर उघडी टाकून जात नाही. वेबसाइटवरची वहीदेखील तीच अमानत आहे.