माती ओल पिते, पण खिडकीचे काम करत नाही

पावसाळा लागला की मारेगाव परिसरातल्या रुग्णांकडून एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, मातीच्या घरात खोकला नव्हता. स्लॅबच्या घरात आल्यापासून सुटत नाही. सिमेंट बाधते का?" सिमेंट नव्हे, बाधते ती कोंडलेली हवा.

एका खोलीत चौघे झोपले तर श्वासातून आणि घामातून रात्रभरात साधारण एक लिटर पाणी हवेत मिसळते. स्वयंपाकाची आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ वेगळी. मातीची भिंत, शेणामातीचे सारवण, चुन्याचा गिलावा ही ओल शोषून घेतात आणि हवा कोरडी झाली की परत सोडतात. सिमेंटचा गिलावा ती कमी शोषतो. वर ऑइलपेंट दिला तर जवळजवळ नाहीच. मग कपाटामागे, कोपऱ्यात काळी बुरशी धरते. अशा ओलसर घरांत खोकला आणि दम्याचा त्रास अधिक आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली मार्गदर्शक सूचनांत नोंदवले आहे.

म्हणून मातीचे घर निर्धोक ठरते का? नाही. भिंत ओल साठवते, घराबाहेर टाकत नाही. ते काम कवेलूंच्या फटी करत. गांधीजी 1936 पासून सेवाग्रामात ज्या कुट्यांत राहिले, त्याही माती, बांबू आणि कवेलूंच्याच. स्लॅब पडला की ओल पिणारी भिंत आणि हवा सोडणारे छप्पर, दोन्ही एकदम जातात. घरकुल योजनेतल्या घराचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर. इतक्या जागेत खिडकी बंद ठेवणे परवडत नाही.

शिवाय चुलीचा धूर आणि क्षयरोगाचे जंतू कोणतीच भिंत हवेतून काढून टाकत नाही. त्यांना वाहती हवाच लागते.

घर बांधताना समोरासमोर खिडक्या आणि छताजवळ झरोका ठेवा. आतून ऑइलपेंटऐवजी चुना लावा. पावसाने उघडीप दिली की दारे-खिडक्या उघडा, कपाट भिंतीपासून वीतभर सरकवा. डासांसाठी खिडकीला जाळी लावा, पण प्लास्टिक ठोकू नका. छत गळत असेल तर आधी गळती थांबवा.

आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर भिंतीला दोष देत बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि क्षयरोगाची औषधे दोन्ही मोफत आहेत.