आधी दोन गावं, मग जिल्हा

२४ फेब्रुवारी २०२० रोजी महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेची पहिली यादी लागली. तिच्यात प्रत्येक जिल्ह्यातली दोनच गावं होती. राज्यभरातली मिळून ६८ गावं आणि १५,३५८ खाती. यवतमाळसारख्या सोळा तालुक्यांच्या, दोन हजारांवर गावांच्या जिल्ह्यालाही तोच हिशोब. आपलं गाव का नाही, असं कुणी सोसायटीत विचारलं असेल तर उत्तर २०१७ मध्ये होतं.

त्या वर्षीची कर्जमाफी एकदम सगळ्या राज्यावर सोडली गेली. जुलैच्या अखेरीस ऑनलाइन अर्ज सुरू झाले, म्हणजे ऐन डवरणी-फवारणीच्या दिवसांत. कुटुंब हा घटक धरल्यामुळे नवरा-बायको दोघांनी सेवा केंद्रात जाऊन आधार दाखवायचं, थम लावायचा. लिंक नसली की उद्या या. ऐन दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, निवडक शेतकऱ्यांना मुंबईत समारंभाने प्रमाणपत्रं दिली गेली आणि त्यानंतर घोळ उघड झाला. एकाच आधार क्रमांकावर अनेक नावं, एकाच बचत खात्यावर अनेक कर्जदार. मग याद्या पुन्हा तपासणं आलं, मंजूर नावांची ‘ग्रीन लिस्ट’ हा शब्द गावोगाव झाला आणि गटसचिवाला रोज एकच प्रश्न ऐकावा लागला: नाव आलं का?

दुसऱ्या खेपेला कामाची दिशाच उलटी केली, हे शहाणपणाचं होतं. अर्ज नाहीत, बँकांनीच थकीत खात्यांची माहिती पोर्टलवर चढवायची. कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी धरला. ३० सप्टेंबर २०१९ ची थकबाकी, मर्यादा दोन लाख. यादी ग्रामपंचायतीत आणि बँकेत लावायची, प्रत्येक नावापुढे विशिष्ट क्रमांक. तो घेऊन शेतकरी केंद्रात जाणार, थम लावणार, आणि पडद्यावरची रक्कम मान्य आहे की नाही ते सांगणार. अमान्य असेल तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. मला या सगळ्यात हा ‘अमान्य’चा पर्याय सर्वांत मोलाचा वाटतो. २०१७ मध्ये चूक सापडायची ती पैसे अडकल्यावर. इथे ती खातेदारासमोरच उघडी पडण्याची सोय होती.

आता चाचणीचं, म्हणजे दोन-दोन गावांच्या पहिल्या यादीचं बोलू. फेब्रुवारीत पऱ्हाटी उपटायचं काम असतं. कापूस वेचून, पऱ्हाटी उपटून घासलेलं बोट काचेवर एका दमात उमटेलच असं नाही. पुसायचं, पुन्हा ठेवायचं, मग दुसरं बोट. एका गावात सरासरी सव्वादोनशे खाती. तिथे हे निभतं, कारण अधिकारी हजर, यंत्र हजर, वरून व्हिडिओवर मुख्यमंत्री काही जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांशी बोलताहेत. पण दुसरी यादी २९ फेब्रुवारीला लागली, पाचच दिवसांनी, आणि ती जवळपास २२ लाख खात्यांची होती. पाच दिवसांत तक्रार नोंदवून होते, निकालात निघत नाही. तेव्हा हिला चाचणी म्हणायचं की उद्घाटन, हा वाद रास्त आहे. तरी माझं मत चाचणीच्या बाजूचं. बिघाड झालाच असता तर तो ६८ गावांपुरता राहिला असता, आणि २०१७ ला नेमकी हीच सोय नव्हती.

दोन गावांत न दिसणारी एक गोष्ट मात्र यवतमाळात पावलोपावली होती. कर्ज ज्याच्या नावावर तो माणूसच हयात नाही. ज्या जिल्ह्याचं नाव वीस वर्षं शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत येत राहिलं, तिथे मयत खातेदार हा अपवाद धरून चालत नाही. त्याचा थम कोण देणार? आधी बँकेत वारस नोंद, त्यासाठी कागदपत्रं, मग सुधारित माहिती पुन्हा वर. सॉफ्टवेअर जिवंत बोट मागतं, आणि घरात विधवा सून सातबारा घेऊन तलाठ्याची वाट बघत असते.

मार्च संपण्याआधी टाळेबंदी आली. बोटाने ओळख पटवणं थांबलं आणि यादीत नाव असूनही खातं थकीतच, अशी पाळी लाखो शेतकऱ्यांवर आली. खरीप तोंडावर होता. मे महिन्यात सरकारने तोडगा काढला: अशा खात्यांवरची रक्कम बँकांनी ‘शासनाकडून येणे’ दाखवावी आणि नवं पीककर्ज द्यावं. पुढे योजनेचा लाभ सुमारे ३२ लाख खात्यांपर्यंत गेला. नियमित फेड करणाऱ्यांना कबूल केलेलं पन्नास हजारांपर्यंतचं प्रोत्साहन मात्र २०२२ च्या दिवाळीच्या तोंडावर वाटायला सुरुवात झाली. तिथेही यादी, विशिष्ट क्रमांक आणि थम हीच वाट होती.