पावलागणिक वीज

कृत्रिम गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या टोकाला गुळगुळीत धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूचीच बैठक आणि दोहोंमध्ये पॉलिथिलिनची गादी असते. असा गुडघा बसवण्याला लोक 'वाटी बदलणे' म्हणतात, पण मूळची वाटी कित्येकदा तशीच ठेवलेली असते. गादी एका अंगाला झिजू लागली किंवा बैठक हाडात सैल होऊ लागली, तरी सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखू लागते तेव्हा बरेच नुकसान झालेले असते. म्हणून सांध्याच्या पोटातच भार मोजणारा संवेदक बसवायचा, ही कल्पना मोलाची.

अडचण आहे ती विजेची. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी असे सांधे काही रुग्णांना बसवले. त्या सांध्यांना वीज पोचते पायाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून, त्यामुळे घरच्या चालण्याबसण्याची नोंद होत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये परवानगी मिळालेल्या 'पर्सोना आयक्यू' गुडघ्यात बॅटरी नडगीत उतरणाऱ्या दांड्यात आहे. बॅटरी संपली की पेसमेकर कातडीखाली असल्याने लहान शस्त्रक्रियेत बदलता येतो; हाडात रुतलेल्या दांड्याचे तसे नाही. चांगला बसलेला गुडघा तर वीस वर्षेही टिकतो.

सपाटीवर चालताना ७० किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर दर पावलाला दीडशे किलोहून अधिक भार येतो. त्या दाबातूनच वीज काढता येते. काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार जमतो, हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. गॅसच्या लायटरमधली 'टक्' करून उडणारी ठिणगी याच गुणाची. २००५ मध्ये नेब्रास्काच्या संशोधकांनी गुडघ्याच्या नमुन्यात हाच गुण असलेल्या सिरॅमिकच्या चळती बसवून सुमारे ९० किलोचा दाब दिला. मिळाली जेमतेम ५ मिलिवॅट, आणि उपकरणाला वापरता येईल अशी एक मिलिवॅटहून कमी. हे सिरॅमिक ठिसूळ, शिवाय त्यात शिसे. शरीरात ते हवाबंद कवचातच ठेवावे लागते.

न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन विद्यापीठाने दुसरी वाट धरली. केसांवर घासलेल्या फणीला कागदाचे कपटे चिकटतात, ती घर्षणाची वीज. त्यांच्या रचनेत दोन थर पावलागणिक एकमेकांना टेकतात नि सुटतात, त्यातून सुमारे ६ मायक्रोवॅट मिळतात. एवढ्याने छोटा दिवाही नीट उजळणार नाही, पण त्यांनी घडवलेले मोजणीचे सर्किट पाच मायक्रोवॅटच्या आत भागवते. वीज वाढवण्याइतकेच गरज घटवणे महत्त्वाचे, हे या कामातले खरे शहाणपण.

जागेचा प्रश्न मात्र बिकट आहे. वीज काढणारा थर जाड केला, तर गादी पातळ करावी लागते किंवा हाड जास्त कापावे लागते, आणि पातळ गादी लवकर झिजते. शिवाय वर्षाला दहा लाखांच्या घरात पावले सोसूनही त्या थराला तडा जाता कामा नये. यंत्रावर तशी चाचणी घेता येते. माणसाच्या पायात वर्षानुवर्षे ते सिद्ध व्हायचे आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत रुग्ण वॉकर धरून मोजकीच पावले टाकतो आणि वीजही तेवढीच तयार होते. म्हणून मिळेल ती वीज कपॅसिटरमध्ये साठवायची, आणि पुरेशी जमली की तेवढ्यापुरती मोजणी करून घ्यायची.