सामायिक फोल्डर : किल्ल्या कोणाच्या हाती?

मालवण किनाऱ्यावरील एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेचे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. नेटवर्कने जोडलेले चार-पाच संगणक असतात आणि त्यांपैकी एकावर संस्थेचे सारे दप्तर असते : सभासदांची नोंदवही, नौकांची कागदपत्रे, हिशेब, डिझेलवरील मूल्यवर्धित कराच्या परताव्याच्या याद्या. सर्वांना सोयीचे व्हावे म्हणून हा फोल्डर कोणीतरी 'शेअर' करून ठेवलेला असतो. परवानगीच्या रकान्यात 'एव्हरीवन' आणि 'फुल कंट्रोल' असते. मग एके दिवशी यादीतील एका नौकेचा आकडा बदललेला आढळतो. तो कोणी बदलला हे सांगता येत नाही. त्या सभासदाचा परतावा मात्र अडकतो.

हा प्रश्न सहकाऱ्यांवरील विश्वासाचा नसून व्यवस्थेचा आहे. सातबाऱ्याचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. फेरफाराची नोंद तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) घेतात, ती प्रमाणित करतात मंडळ अधिकारी आणि उतारा कोणालाही पाहता येतो. पाहणे, लिहिणे आणि मंजूर करणे हे तीन वेगळे अधिकार आहेत व ते व्यक्तीला नव्हे, तर कामाला जोडलेले आहेत. सामायिक फोल्डरलाही हाच न्याय लावावा.

आधी कागद, मग संगणक

प्रथम कोऱ्या कागदावर तक्ता आखावा. एका बाजूस फोल्डरांची नावे, दुसऱ्या बाजूस कामे : लेखा, सभासद नोंदणी, परतावा, सचिव. प्रत्येक चौकटीत 'फक्त वाचणे', 'बदल करणे' किंवा 'काहीच नाही' यांपैकी एकच शब्द लिहावा. त्यानंतर दप्तर असलेल्या संगणकावर प्रत्येक कर्मचाऱ्याचे स्वतंत्र खाते उघडावे, कामांनुसार गट करावेत आणि परवानगी गटांना द्यावी. कर्मचाऱ्याचे टेबल बदलले, की त्याला एका गटातून काढून दुसऱ्यात घालावे. फोल्डरला हात लावावा लागत नाही. गट बदलल्यावर त्याने लॉग-ऑफ करून पुन्हा लॉग-इन करावे, तरच बदल लागू होतो.

लहान कार्यालयात सहसा मध्यवर्ती सर्व्हर नसतो. प्रत्येक संगणक आपापली खाती सांभाळतो. अशा वेळी कर्मचाऱ्याचे नाव व पासवर्ड त्याच्या आणि दप्तराच्या अशा दोन्ही संगणकांवर सारखेच ठेवावेत. सर्वांसाठी एकच खाते आणि मॉनिटरला चिकटवलेला पासवर्ड ही पद्धत मात्र सोडावी. कोणी काय बदलले याची नोंद हवी असल्यास 'ऑडिटिंग' ही सोय स्वतंत्रपणे चालू करावी लागते. पण खातीच वेगळी नसतील, तर ती नोंदही निरुपयोगी ठरते.

होडी आणि दरवाजा

विंडोजमध्ये परवानग्या दोन ठिकाणी असतात : 'शेअरिंग'मध्ये आणि 'सिक्युरिटी'मध्ये. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचे तर आधी होडी, मग दरवाजा. तसेच हे आहे. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही टप्पे पार करावे लागतात आणि त्यांतील अधिक कडक नियम लागू होतो. दप्तराच्या संगणकावरच बसलेल्याला होडी लागत नाही. त्याला केवळ 'सिक्युरिटी'चा नियम अडवतो. म्हणून खरा बंदोबस्त तेथेच करावा. 'डिनाय'ची खूण शक्यतो टाळावी, कारण दोन गटांत असलेल्या माणसाचे काम तिने अकारण अडते. आणखी एक बारकावा : त्याच ड्राइव्हवर फाइल 'कट' करून दुसऱ्या फोल्डरात नेल्यास तिच्या जुन्या परवानग्या तिच्याबरोबर राहू शकतात; 'कॉपी' केल्यास नव्या फोल्डरच्या लागू होतात.

धोका बाहेरचाही

जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' या घातक प्रोग्रॅमने जगभरातील संगणक निकामी केले. त्याची झळ न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनललाही बसली व तेथील कामकाज विस्कळित झाले. विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधील एका त्रुटीचा आणि चोरलेल्या पासवर्डांचा आधार घेऊन तो पसरत होता. ती त्रुटी दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. म्हणूनच अद्ययावत प्रणाली आवश्यक आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबाही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे. शिवाय खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारे प्रोग्रॅम साधारणपणे ज्याच्या खात्यावर चालतात, त्याला जितके बदलण्याची मुभा असते तितके सारे बिघडवतात. मुभा जितकी कमी, तितके नुकसान कमी. रोजच्या कामासाठी 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' खाते कधीही वापरू नये.

परवानगी म्हणजे बॅकअप नव्हे. मे २०२१ मधील 'तौक्ते' वादळाने या किनाऱ्याला दिलेला तडाखा आठवावा. दप्तराची एक प्रत काम संपताच संगणकापासून वेगळ्या केलेल्या डिस्कवर आणि दुसरी कार्यालयाबाहेर असावी.

नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे आणि दर तीन महिन्यांनी तो कागदी तक्ता पुन्हा पाहावा. सभासदाने आपला आधार क्रमांक व बँकेचा तपशील संस्थेच्या स्वाधीन केलेला असतो. तो कार्यालयातील प्रत्येक पडद्यावर उघडता येऊ नये, एवढी अपेक्षा ठेवण्याचा त्याला निश्चितच अधिकार आहे.