लिफाफ्यात मावला, पण…

भाचीच्या लॅपटॉपचा टचपॅड दबेनासा झाला आणि टेबलावर ठेवला की तो डुगडुगायला लागला. "मामा, पातळ लॅपटॉप नाजूकच असतात ना?" दुरुस्तीवाल्याने तळाचे बारीक स्क्रू काढून झाकण उचललं. बॅटरीची चपटी काळी पाकिटं ओळीने मांडलेली, आणि त्यातलं एक पुरीसारखं टम्म फुगून टचपॅडला रेटत होतं. "चोवीस तास चार्जरला असतो का हा?" त्याने विचारलं. भाची गप्प.

दोष पातळपणाचा नव्हता. बॅटरी सतत शंभर टक्क्यांवर आणि वर उष्णतेत राहिली की लवकर म्हातारी होते, मग लॅपटॉप जाड असो की पातळ. जाड यंत्रात आत मोकळी जागा असते, म्हणून फुगवटा उशिरा कळतो, एवढंच. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असते. ती चालू करावी. उलट 'बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करायची' हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. लिथियमला तो लागू नाही, तरी घरोघरी आजही पाळला जातो.

नाजूकपणाचंही तसंच. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं झाकण बोटाने दाबलं की किंचित लवतं आणि परत येतं. ते पाहून लोक 'प्लास्टिकसारखं आहे' म्हणून नाक मुरडतात. ॲल्युमिनियम लवत नाही, पण पडलं की पोचा कायमचा. खरी नाजूक बाजू पडद्याची. मिटलेल्या झाकणात आणि कीबोर्डमध्ये फट जवळजवळ नसतेच. ॲपलने २०२० साली बजावलं होतं की कॅमेऱ्यावर झाकणी चिकटवून मॅकबुक मिटू नका. लावायचीच असेल तर छपाईच्या साध्या कागदाहून, म्हणजे ०.१ मिलिमीटरहून, जाड नको. आणि जाहिरातीतलं 'मिलिटरी ग्रेड'? एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकी लष्कराचं चाचण्या कशा घ्याव्यात हे सांगणारं मानक आहे. अमेरिकी संरक्षण खातं कुणाच्या लॅपटॉपवर शिक्का मारत नाही. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या, हे बहुधा कंपनीच ठरवते.

पातळ लॅपटॉपच्या या सगळ्या हौसेची सुरुवात बऱ्याच जणांना आठवत असेल. १५ जानेवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स यांनी ऑफिसच्या पिवळट लिफाफ्यातून मॅकबुक एअर बाहेर काढला. वजन १.३६ किलो, सर्वांत जाड भाग १९.४ मिलिमीटर, किंमत १,७९९ डॉलर. सभागृहात टाळ्या पडल्या. पण त्यात सीडी ड्राइव्ह नव्हता, नेटवर्कच्या वायरचं तोंड नव्हतं, यूएसबीचं तोंड एकच होतं आणि हार्ड डिस्क ८० जीबीची, मंद. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह हवा तर ९९ डॉलर वेगळे. 'पातळ म्हणजे रडतखडत चालणारा' हा समज त्या काळात रुजला, आणि तेव्हा तो फारसा चुकीचाही नव्हता.

बॅटरीचा हिशेब मात्र पार बदलला. त्या पहिल्या एअरची बॅटरी ३७ वॉट-तासांची आणि कंपनीचा दावा पाच तासांचा. नोव्हेंबर २०२०च्या एम-वन चिपवाल्या एअरमध्ये बॅटरी ४९.९ वॉट-तासांची, दावा वेब पाहण्याचे पंधरा तास. बॅटरी वाढली तिसऱ्या हिश्श्याने, वेळ झाला तिप्पट. चिपची भूक कमी झाली म्हणून. तेव्हा 'हलका आहे, म्हणजे दुपारपर्यंतच पुरेल' हे म्हणणं आता सोडून द्यावं.

वेगाबद्दल मात्र दुकानात हमखास फसगत होते. 'दोन्हींत आय-सेव्हन आहे, मग हलका का घेऊ नये?' इंटेलच्या आठव्या पिढीतला आय-सेव्हन ८५५०-यू चार कोअरचा, १५ वॉटसाठी बेतलेला. ८७५०-एच सहा कोअरचा, ४५ वॉटचा. आडनाव एक, ताकद वेगळी. पातळ अंगातून उष्णता बाहेर पडायला वाट कमी, म्हणून चिप स्वतःच वेग आवरते. एम-वन एअरला तर पंखाच नाही. ईमेल, एक्सेल, मराठी टायपिंग, वीस-पंचवीस टॅब, यात फरक जाणवणारही नाही. लांबलचक व्हिडिओ एक्सपोर्टला लावलात तर थोड्या वेळाने वेग उतरतो. लग्नाचे व्हिडिओ संपादित करणाऱ्याने पातळ लॅपटॉपचा शौक करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि सगळ्यात महाग पडणारा गैरसमज: 'आत्ता आठ जीबी घेऊ, रॅम नंतर वाढवू.' बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. विंडोजवाल्या बऱ्याच यंत्रांत एसएसडी तरी बदलता येते. एअरमध्ये तीही नाही. जे घ्यायचं ते पहिल्याच दिवशी. रंगासाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी ते सोळा जीबीवर घालावेत.

नवी बॅटरी बसवून घरी आल्यावर आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर गंमत केली. लॅपटॉप सव्वा किलो. मग चार्जर, टाइप-सी हब, एचडीएमआयची केबल, सगळं पिशवीसकट ठेवलं तर काटा दोन किलोंच्या आसपास. माहितीपत्रकातलं वजन नुसत्या यंत्राचं असतं.

"हब घरीच राहू दे," भाची म्हणाली. मग तिला कॉलेजचा प्रोजेक्टर आठवला. हब परत पिशवीत गेला.