गोल्फचा फटका आणि हातांची जाणीव

गोल्फमध्ये काठीचे जड टोक चेंडूला भिडते, ते जेमतेम १/२००० सेकंद. त्या आघाताची संवेदना हातापासून मेंदूपर्यंत पोहोचण्यास मात्र सुमारे १/५० सेकंद लागतो. तोवर पट्टीच्या खेळाडूचा चेंडू मीटरभराहून अधिक पुढे गेलेला असतो! म्हणजे फटका चुकल्याचे कळते तेव्हा तो सुधारण्याची वेळ टळलेली असते.

मग हातांच्या जाणिवेचा उपयोग काय? काठी मागे नेताना टोकाच्या वजनाचा ओढा स्नायूंतील संवेदनाग्रे मेंदूस कळवीत असतात. मूठ फार आवळल्यास मनगट ताठरते व हा ओढा नीट उमगत नाही. डोळे मिटून पळी सावकाश झुलवून पाहा. तिचे जड टोक कोठे आहे, ते न पाहताही कळेल. आघातापूर्वीची ही जाणीव फटका घडविते. आघातानंतरची जाणीव पुढील फटक्याचा धडा देते.