‘स्थानिक’ कोण, याचा निवाडा कोणाकडे?

खासगी उद्योगांतील व्यवस्थापकीय पदांपैकी ५० टक्के आणि बिगरव्यवस्थापकीय पदांपैकी ७० टक्के जागा स्थानिकांसाठी राखून ठेवणारे विधेयक कर्नाटक मंत्रिमंडळाने १५ जुलै २०२४ रोजी मंजूर केले. उद्योगजगतातून विरोधाचा सूर उमटताच अवघ्या दोन दिवसांत ते बासनात गुंडाळले गेले. त्यावरील चर्चा ‘उद्योग राज्याबाहेर जातील काय’ एवढ्यावरच घुटमळली. विधेयकातील खरा राजकीय प्रश्न मात्र व्याख्येच्या कलमात होता. स्थानिक म्हणजे जो कर्नाटकात जन्मला, १५ वर्षे राज्याचा रहिवासी आहे आणि कन्नड लिहू, वाचू, बोलू शकतो तो. या तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात.

बंगळुरूच्या दक्षिण टोकावरील इलेक्ट्रॉनिक सिटीला ही व्याख्या लावून पाहिली की तिचा अर्थ उलगडतो. कोल्हापुरात जन्मलेला अभियंता येथे वीस वर्षे कर भरून, अस्खलित कन्नड बोलूनही ‘स्थानिक’ ठरत नाही. निपाणी किंवा खानापूरचा मराठी तरुण भाषेची परीक्षा उत्तीर्ण होताच स्थानिक ठरतो. इलेक्ट्रॉनिक सिटीतून त्याच महामार्गाने पुढे गेल्यावर अत्तिबेलेपलीकडे तमिळनाडूतील होसूर लागते. तेथील इस्पितळात जन्मलेले मूल इलेक्ट्रॉनिक सिटीतच लहानाचे मोठे झाले, तरी कायद्याच्या लेखी परकेच राहते. ज्या शहराची जहागीर १६३८ नंतर शहाजीराजांकडे होती आणि जेथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, तेथे ‘मूळचा कोण’ याचा हिशेब कोणत्या सालापासून मांडायचा, हाही प्रश्न उरतोच.

लोकशाहीने स्थानिकाची एक व्याख्या फार पूर्वीच करून ठेवली आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदार होण्यासाठी त्या मतदारसंघातला ‘सामान्यतः रहिवासी’ असणे पुरेसे असते. तेथे जन्मस्थान विचारले जात नाही. पण ही व्याख्या जिवंत राहते ती निवडणूक होते तेव्हाच. इलेक्ट्रॉनिक सिटीचे दुखणे नेमके येथे आहे.

१९७० च्या दशकात कर्नाटक सरकारच्या ‘किऑनिक्स’ या महामंडळाने आर. के. बालिगा यांच्या पुढाकाराने कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगुरु या गावांच्या शिवारात ३३२ एकरांवर या वसाहतीचा पाया घातला. पुढे रस्ते, दिवे, पाणी यांची देखभाल उद्योगांच्या संघटनेकडे गेली आणि २०१३ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स सिटी औद्योगिक नगरी प्राधिकरण’ स्थापन झाले. त्याला घटनात्मक आधार आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना निवडून आलेली नगरपालिका दिली; परंतु अनुच्छेद २४३-क्यूमधील एका परंतुकाने, जेथे उद्योगच नागरी सुविधा पुरवतात अशा औद्योगिक नगरीला त्यातून सूटही दिली. परिणामी सुमारे ९०० एकरांच्या या नगरीचा कारभार उद्योगांचे प्रतिनिधी आणि सरकारी अधिकारी पाहतात. कारभार नीटनेटका आहे, याबद्दल दुमत नाही. पण त्यात मतपेटीला जागा नाही.

म्हणजे स्वायत्तता मिळाली ती उद्योगांना, नागरिकांना नव्हे. ज्यांच्या जमिनीवर ही नगरी उभी राहिली त्या गावकऱ्यांना तिच्या कारभाऱ्यांना जाब विचारता येत नाही आणि तेथे दिवसाचे दहा तास घालवणाऱ्या स्थलांतरितालाही नाही. बंगळुरू शहरातही वेगळे चित्र नव्हते. महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या जागी पाच महापालिका अस्तित्वात आल्या. मधली पाचही वर्षे लोकनियुक्त सभागृहाविना गेली. तक्रार मांडायला नगरसेवकच नसेल तर ती रस्त्यावर येते आणि रस्त्यावर आलेली तक्रार भाषेचा झेंडा चटकन हाती घेते. कचरा, पाणी, भाडे हे प्रश्न मग ‘आम्ही’ आणि ‘ते’ यांचे होतात.

आग्नेय आशियाने हा धडा आपल्याआधी गिरवला आहे. तेथील राजकारणाचे शब्दही आपल्या ओळखीचे आहेत. मलेशियात ‘बुमीपुत्र’ म्हणजे भूमिपुत्र. इंडोनेशियात ‘पुत्र दाएराह’ म्हणजे त्या प्रदेशाचा पुत्र. मलेशियाने १९६५ मध्ये स्थानिक संस्थांच्या निवडणुका स्थगित केल्या आणि १९७६ च्या कायद्याने त्या कायमच्या मोडीत काढल्या. तेथे नगरसेवक नेमले जातात. शहरांत चिनी वंशाच्या मतदारांचे वजन मोठे असल्याने निवडणुका पुन्हा घेण्याची मागणी झाली की ती वांशिक भीतीच्या भिंतीवर आदळते. थायलंडमध्ये बँकॉकचा राज्यपाल लोक निवडतात, पण उर्वरित ७६ प्रांतांचे राज्यपाल केंद्र सरकार नेमते.

इंडोनेशियाने उलटी वाट धरली. सुहार्तो यांच्या पतनानंतर १९९९ मध्ये स्वायत्ततेचे कायदे झाले, २००१ पासून अधिकार जिल्ह्यांकडे गेले आणि २००५ पासून स्थानिक प्रमुखांची थेट निवडणूक सुरू झाली. त्याच वर्षी सोलो शहराचे महापौर झालेले जोको विडोडो २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. निवडणुकीने अस्मितेचे विष उतरते, असा भाबडा निष्कर्ष मात्र काढू नये. जकार्ताचे चिनी वंशाचे ख्रिस्ती राज्यपाल बासुकी पुर्नामा २०१७ मध्ये धार्मिक प्रचाराच्या लाटेत पराभूत झाले आणि धर्मनिंदेच्या आरोपावरून तुरुंगातही गेले. तरीही त्या फेरीत सुमारे ४२ टक्के मतदारांनी त्यांनाच कौल दिला होता. मतपेटीमुळे ही दुसरी बाजूही मोजली गेली, हे विसरता येत नाही.

मराठी वाचकाने या प्रश्नाकडे केवळ पीडिताच्या चष्म्यातून पाहू नये. १९६६ मध्ये मुंबईत शिवसेना उभी राहिली ती याच तक्रारीवर आणि उद्योगांत ८० टक्के स्थानिकांचा आग्रह महाराष्ट्राच्या धोरणातही आहे. मुंबई महापालिकाही मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती होती. सीमाभागाचा अनुभव तर याहून बोलका. महाराष्ट्रात विलीनीकरणाचा ठराव केल्यावर २००५ मध्ये बेळगाव महापालिका कर्नाटक सरकारने बरखास्त केली. म्हणजे लोकनियुक्त सभागृह असले तरी अस्मितेच्या प्रश्नावर त्याचे आयुष्य राज्य सरकारच्या मर्जीवर टांगलेले राहते.

खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांची सक्ती करणारा हरियाणाचा कायदा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द ठरवला. कर्नाटकाचे विधेयक पुन्हा पटलावर आले तर त्यालाही न्यायालयाची पायरी चढावी लागेल. पण न्यायालय फार तर कायदा रद्द करील. त्यामागची खदखद त्याला रद्द करता येत नाही. कन्नड तरुणाची तक्रार खरी आहे. शिवार गेले आणि त्याच्या वाट्याला पहारेकऱ्याची नोकरी आली, हे दुखणे खोटे नाही. त्यावर उपाय कौशल्यशिक्षणाचा आहे, भाषेचा आदर राखण्याचा आहे आणि औद्योगिक नगरीच्या कारभारात भोवतालच्या गावांना व रहिवाशांना निवडून जाण्याचा हक्क देण्याचाही आहे. त्यासाठी अनुच्छेद २४३-क्यूच्या परंतुकाचा फेरविचार संसदेला करावा लागेल.

स्थलांतरितांवरही एक जबाबदारी येते. येथे राहून मतदारयादीतील नाव गावाकडे ठेवणारा माणूस स्वतःच आपल्याला पाहुणा ठरवीत असतो. कन्नड शिकणे आणि येथील मतदार होणे या दोन गोष्टी त्याच्या हातात आहेत. जन्मस्थान कोणालाच निवडता येत नाही. रहिवास आणि मत मात्र निवडता येते. स्थानिकाची व्याख्या यांपैकी कशावर उभी राहते, यावर बंगळुरूच्याच नव्हे, मुंबई-पुण्याच्याही लोकशाहीचे भवितव्य अवलंबून आहे.